पाणी घातलेले भाग

आमच्या हापिसात जेवणाच्या टेबलावर हल्ली एक नवीनच पंथ तयार झालाय. ही मंडळी कुठलीही मालिका बघायला घेण्याआधी तिची यादी शोधतात. कुठले भाग बघायचे आणि कुठले सोडायचे, याची यादी. 'नारुतो'चे २२० भाग आहेत, पण १३५ नंतरचे जवळजवळ सगळे 'फिलर' आहेत, बघायची गरज नाही, हे त्यांना पाढ्यांसारखं पाठ असतं. परवा त्यातल्या एकाने 'स्मॉलव्हिल' संपवलं. दहा सीझन! मी विचारलं, "एवढा वेळ आणलास कुठून?" तर म्हणे, "सगळे कोण बघतंय? मेन स्टोरीचे तेवढे काढले आणि उरकून टाकलं."

उरकून टाकलं. आपल्याकडे भांडी उरकतात, दिवाळीची खरेदी उरकतात, नावडत्या नातेवाइकाकडची पूजा उरकतात. आता सुपरहिरोसुद्धा उरकायला लागले.

मी बराच वाद घातला. भाजी गार झाली, पण मुद्दा पुरा व्हायच्या आत मीटिंगचं रिमाइंडर वाजलं आणि सगळे उठले. म्हणून तो इथे पुरा करतो. शनिवार आहे, लेक क्लासला गेली आहे, चहा हातात आहे. तुम्हालाही घाई नसावी.

तर 'फिलर'ला मराठी शब्द शोधायला फार लांब जायला नको. 'पाणी घातलं' हा आपला घराघरातला शब्द. पाहुणे वाढले की आमटीत पाणी, जाहिराती वाढल्या की मालिकेत पाणी. पण हा शब्द वापरताना आपण दोन वेगळे पदार्थ एकाच पातेल्यात ओततो असं मला नेहमी वाटतं. एक म्हणजे मुख्य कथा बाजूला ठेवून मध्येच सांगितलेली वेगळी, छोटी, आपल्यापुरती पूर्ण असलेली गोष्ट. अर्ध्या तासात सुरू, अर्ध्या तासात खलास. दुसरा प्रकार म्हणजे मुख्य कथाच, पण रबरासारखी ओढलेली. पहिला खरा फिलर. दुसऱ्याला मी नुसतं 'ताणणं' म्हणतो.

'चार दिवस सासूचे' आठवते का? ई-टीव्ही मराठीवर २००१ मध्ये सुरू झाली आणि २०१३ पर्यंत चालली. तीन हजारांच्या वर भाग. नावात दिवस किती, तर चार! (हा विनोद माझा नाही, त्या बारा वर्षांत महाराष्ट्रात प्रत्येकाने एकदा तरी केलेला आहे.) किंवा 'होणार सून मी ह्या घरची' घ्या. जान्हवी किती महिन्यांची गरोदर आहे यावर आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर इतके विनोद फिरले की शेवटी बाळ झालं तेव्हा लोकांना चुकल्यासारखं वाटलं असेल. आता गंमत बघा. या मालिकांमध्ये फिलर जवळपास नसतोच. प्रत्येक भागात मुख्य कथाच चालू असते. फक्त ती पुढे सरकत नाही. सासूने मान वळवली, तीन बाजूंनी तीनदा दाखवली, ढोल वाजला, भाग संपला. याला आपण शिव्या घालतो, आणि बरोबरच घालतो. पण त्या शिव्या बिचाऱ्या फिलरच्या नावावर जमा होतात.

आता फिलर येतो कुठून, हे आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला पटकन कळावं. बऱ्याचदा कारण एकच. डिपेन्डन्सी. 'नारुतो'ची मूळ मांगा जपानमध्ये साप्ताहिकात येत होती आणि टीव्हीचा एक भाग मांगाची दोन-दोन प्रकरणं सहज खाऊन टाकायचा. मालिका मांगाच्या टाचेवर येऊन पोचली की करायचं काय? मालिका बंद ठेवली तर वेळ जाते. मग लिहा स्वतःच्या गोष्टी, तोवर मूळ लेखक पुढे जाईल. म्हणजे त्यांची एपीआय तयार नाही म्हणून आम्ही इकडे मॉक लिहून काम चालू ठेवतो, त्यातलाच प्रकार.

सुपरहिरोंमधलं याचं सगळ्यात ढळढळीत उदाहरण म्हणजे 'एजंट्स ऑफ शील्ड'. सप्टेंबर २०१३ मध्ये सुरू झाली. पहिल्या सीझनमध्ये २२ भाग. आणि मालिकेचं सगळं गुपित अडकलेलं होतं 'कॅप्टन अमेरिका: द विंटर सोल्जर' या सिनेमात, जो अमेरिकेत लागणार होता ४ एप्रिल २०१४ ला. शील्ड ही संस्थाच आतून पोखरलेली आहे हे सिनेमा सांगणार, मग मालिका ते आधी कसं सांगणार? सोळा भाग ती माणसं या देशातून त्या देशात काहीबाही शोधत फिरली. लोक कंटाळले, बरेच सोडून गेले. ८ एप्रिलला सतरावा भाग आला आणि मालिकेने अशी काही कलाटणी घेतली की सोडून गेलेले परत आले. मला त्या लेखकांबद्दल फार सहानुभूती आहे. दुसऱ्या टीमचं रिलीज होईपर्यंत सहा महिने दर आठवड्याला डेमो द्यायचा, म्हणजे काय असतं ते मला विचारा.

पण मला जो फिलर खरा माहीत आहे तो अमेरिकेतला नाही. तो रविवारी दुपारी बारा वाजता दूरदर्शनवर लागायचा.

'शक्तिमान' १३ सप्टेंबर १९९७ ला सुरू झालं आणि २७ मार्च २००५ ला संपलं. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो, संपलं तेव्हा कॉलेजच्या उंबरठ्यावर. म्हणजे आख्खं बालपण. लाल-सोनेरी पोशाखातले मुकेश खन्ना गरगर फिरत यायचे आणि आम्ही चाळीच्या व्हरांड्यात एक हात वर करून चक्कर येईपर्यंत फिरायचो. सूर्यांशी गुरू, कुंडलिनी, सात चक्रं, पंचमहाभूतं, महागुरूंच्या भूमिकेत टॉम ऑल्टर, आणि समोर तमराज किल्विष. 'अंधेरा कायम रहे' हे आमच्याकडे लाईट गेले की सगळे एका सुरात म्हणायचे, आणि डोंबिवलीत ते म्हणायची संधी भरपूर मिळायची.

ही शक्तिमानची मुख्य कथा. किल्विष, डॉ. जॅकाल, अश्विनी काळसेकरांची शलाका, आणि गीता विश्वासला शक्तिमानचं गुपित कळणार की नाही हा सगळा मामला. एकेक लढाई कित्येक रविवार चालायची. त्यात ताणणंही होतं, नाही असं नाही. किल्विष हसायला लागला की जाहिरात येईपर्यंत हसायचा. पण याच्या मधेमधे काही रविवार असे यायचे की किल्विषचं नावच नाही. 'आज की आवाज'च्या कचेरीत पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री पुढे आलेले दात आणि गोल चष्मा घालून काहीतरी घोळ घालतोय, एखाद्या लहान मुलाची काही अडचण आहे, एखादा फुटकळ चोर आहे. शक्तिमान दोन मिनिटांसाठी येतो आणि जातो. शेवटी 'छोटी छोटी मगर मोटी बातें', मुलगा कान पकडून 'सॉरी शक्तिमान' म्हणतो, संपलं. पुढच्या रविवारी किल्विष जिथे होता तिथून चालू.

हे भाग का असायचे? याचा हिशोब मला फार उशिरा कळला. दूरदर्शनवर तेव्हा बऱ्याच मालिका 'प्रायोजित' पद्धतीने चालायच्या. म्हणजे चॅनल निर्मात्याला पैसे देत नाही, उलट निर्माता चॅनलला वेळेचं भाडं भरतो आणि मिळालेल्या जाहिरातींच्या सेकंदांमधून ते वसूल करतो. (पारले-जीचा शक्तिमान आठवतोय ना? तो उगाच नव्हता.) मुकेश खन्ना यांनी नंतर सांगितलेला हिशोब असा: सुरुवातीला शनिवार सकाळ आणि मंगळवार संध्याकाळ अशा वेळा होत्या आणि भागामागे ३.८० लाख भरावे लागायचे. रविवार मिळाल्यावर ते ७.८० लाख झाले, पुढे १०.८० लाख. मालिका थांबण्यामागेही हे वाढत जाणारं भाडंच होतं असं ते सांगतात.

आता त्यांच्या जागी बसून बघा. रविवार कुणासाठी थांबत नाही. माणूस हवेत उडवायचा, त्याच्या हातातून ज्वाळा काढायच्या, दहा जॅकाल एका फ्रेममध्ये उभे करायचे, तेही त्या काळच्या कॉम्प्युटरवर. याला वेळ लागतो आणि पैसा लागतो. गंगाधरला काय लागतं? एक कचेरी, एक चष्मा, एक दातांची कवळी. मी निर्माता असतो तर मीही दर चार भागांमागे एक भाग गंगाधरचा केला असता. अमेरिकेतही तेच. तिथे सीझनला बावीस-तेवीस भाग द्यायचेच असायचे, आणि एकूण शंभराच्या आसपास भाग झाले की लहान चॅनलना रोजच्या पुनःप्रक्षेपणासाठी विकून खरा पैसा मिळायचा. स्मॉलव्हिलमध्ये दर आठवड्याला उल्केच्या हिरव्या दगडाने कुणीतरी नवीन माणूस बिघडायचा तो काही लेखकांना झोप येत नव्हती म्हणून नाही.

इथपर्यंत टेबलावरचे लोकही मान डोलावतील. "म्हणजे पैशासाठी टाकलेलं पाणीच ना ते? मग सोडून दिलं तर काय बिघडलं?"

आता खरा मुद्दा. त्यासाठी आमच्या घरचा रविवार सांगावा लागेल.

बाबा डोंबिवली एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. प्लांट चोवीस तास चालणारा, त्याला रविवार वगैरे काही माहीत नाही. तीन पाळ्या, दर आठवड्याला बदलणाऱ्या, आणि वीकली ऑफ बहुतेक मधल्याच वारी. पहिली पाळी असेल तर सात ते तीन, म्हणजे शक्तिमानच्या वेळी बाबा कंपनीत. रात्रपाळी असेल तर सकाळी आठला घरी येऊन अंघोळ करून झोपलेले, आणि बाराला त्यांची अर्धी झोपसुद्धा झालेली नसायची. आमची जागा म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, टीव्ही त्याच खोलीत. मग आई आवाज पूर्ण बंद करायची आणि मी टीव्हीपासून एका हातावर बसून मुका शक्तिमान बघायचो. ओठांवरून संवाद ओळखायचे. किल्विष आवाजाशिवाय हसताना फार केविलवाणा दिसतो हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे?

राहिली दुसरी पाळी. तीन ते अकरा. त्या आठवड्यात बाबा रविवारी बाराला जेवून टीव्हीसमोर बसलेले असायचे आणि सव्वादोनला सायकल काढायचे. म्हणजे तीन रविवारांत एक रविवार. एका चांगल्या वर्षात सतरा-अठरा भाग. आणि आमच्यात शक्तिमानचा त्यांच्याइतका भक्त कुणी नव्हता.

अशा माणसाने मुख्य कथा कशी बघायची? मागच्या वेळी पाहिलं तेव्हा शक्तिमान जॅकालच्या जाळ्यात होता, आज बघतात तर गीता बेशुद्ध. मधे काय झालं ते सांगायला कुणी नाही. रेकॉर्डिंग नाही, यूट्यूब नाही, दूरदर्शनवर भागाच्या सुरुवातीला मागचं दाखवतात ते एका मिनिटाचं, आणि त्यात दोन आठवड्यांपूर्वीचं नसतं. मग ते काम माझं. रात्री अकराला पाळी सुटायची, साडेअकराला सायकलची घंटी, मी डोळे चोळत जागा. बाबा जेवताना मी सांगायचो. हातवारे करून, आवाज काढून. ते "मग?" म्हणायचे आणि भात कालवायचे. पहिल्या पाळीच्या आठवड्यात दुपारी साडेतीनला तोच कार्यक्रम, चहाबरोबर.

पण गंगाधरचा भाग असला की काही सांगावं लागायचं नाही. त्या भागात आधीचं काही माहीत असण्याची गरजच नाही. दर रविवारी न चुकता बघणारा मी आणि तीन आठवड्यांनी आलेले बाबा, दोघंही एकाच ठिकाणाहून सुरू करायचो. गंगाधर घसरला की दोघंही एकदम हसायचो. मी त्यांच्याकडे "थांबा, मी सांगतो" असं बघायचो नाही आणि ते माझ्याकडे "हा कोण?" असं बघायचे नाहीत.

तर मंडळी, फिलर कुणासाठी असतो याचं माझं उत्तर हे आहे. ज्याला दर आठवड्याला यायला जमत नाही त्याच्यासाठी. निर्मात्याने तो पैसा वाचवायला केला असेल, लेखकाने वैतागून लिहिला असेल, त्याच्याशी मला घेणं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर हे भाग स्टेटलेस असतात. आधीच्या रिक्वेस्टचं ओझं नाही. कुणीही, कधीही, कुठूनही यावं, त्याला पूर्ण उत्तर मिळतं. आर्क मात्र सेशन सांभाळतो. एकदा तुटलं की पुन्हा लॉगिन.

आणि शक्तिमान बघणाऱ्या त्या देशात न चुकता येऊ शकणारे होते तरी किती? आमच्याच मजल्यावर बघा. एक काका रेल्वेत, त्यांचीही पाळी. शेजारच्यांना टीव्हीच नव्हता, त्यांची दोन मुलं कधी आमच्याकडे, कधी समोर. मावशी ठाण्याला, तलावपाळीजवळ. तिच्याकडे जायचं तर रविवारीच, आणि रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. ठाण्याला पोचेपर्यंत शक्तिमान संपून बातम्या लागलेल्या. मी नियमित म्हणवून घेतो, पण मेगाब्लॉकने आणि लाईटने खाल्लेले रविवार धरले तर मीही कुठे सगळे पाहिलेत?

लोकलचा विषय निघालाच आहे तर. डोंबिवलीहून ठाण्याला फास्ट पकडली की मधे फारसं काही नाही. पूर्वी ती पारसिकच्या बोगद्यात शिरायची, अंधार, कानात दडे, बाहेर आलं की ठाणं. स्लो पकडली की कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा. मुंब्र्याला एका बाजूला डोंगर आणि त्यावर देवीचं देऊळ, दुसऱ्या बाजूला खाडी, भरतीच्या वेळी पाणी पार रुळांजवळ आल्यासारखं. मी रोज फास्टच पकडतो, खोटं कशाला बोलू. पण कुणी मला म्हणालं की मुंब्रा हा डोंबिवली आणि ठाण्याच्या मधला फिलर आहे, तर तिथे उतरणारे लोक त्याला डब्यातून खाली उतरवतील.

हल्लीच्या मालिकांमध्ये मात्र आमच्या टेबलावरच्या पंथाचा पूर्ण विजय झालाय. २०१५ मध्ये 'डेअरडेव्हिल' तेरा भागांची आली (तेरा! दूरदर्शनवरही तेराचाच हिशोब असायचा, वर्षाच्या आठवड्यांचा चौथा हिस्सा), तर लोकांना तेही जास्त वाटले. २०२१ पासून मार्व्हलच्या स्वतःच्या बहुतेक मालिका सहा ते नऊ भागांच्या आहेत. सहा भाग, सगळी मुख्य कथा, एक मिनिट वाया नाही. मी त्यातल्या बऱ्याच पाहिल्या. चांगल्या आहेत. पण त्यातला सुपरहिरो मंगळवारी दुपारी काय करतो, त्याला कुठली भाजी आवडत नाही, तो मित्राशी उगाच कशावरून भांडतो, हे मला विचाराल तर सांगता येणार नाही. त्याला तेवढा वेळच मिळालेला नसतो. सतत जग वाचवायचं असतं. गंगाधर मला आजही शेजारी राहणाऱ्या माणसासारखा आठवतो तो त्या कामचलाऊ भागांमुळे. मुख्य कथेत गंगाधर नव्हताच. तिथे फक्त शक्तिमान.

एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये, दूरदर्शनने शक्तिमान पुन्हा पहिल्यापासून दाखवायला घेतलं. बाबा निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. आता ते आबा. मी घरून काम करत होतो, लेक चार वर्षांची. आबा रोज वेळेआधी पाच मिनिटं टीव्हीसमोर. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी शक्तिमान सलग पाहिलं. मधल्या दोन रविवारी काय झालं होतं, ते तेवीस वर्षांनी त्यांना कळत होतं. आणि तरी संध्याकाळी मी लॅपटॉप मिटून बाहेर आलो की विचारायचे, "काय, आज काय झालं शक्तिमानमध्ये?" मी म्हणायचो, "बाबा, तुम्हीच बघितलंत ना आज, मी कॉलवर होतो." मग ते सांगायचे. हातवारे करून.

आता लेक नऊ-दहा वर्षांची आहे आणि तिचा शक्तिमान म्हणजे 'मिरॅक्युलस'. पॅरिसमधली मारिनेट आणि एड्रियन, म्हणजेच लेडीबग आणि कॅट न्वार. २०१५ पासून चालू आहे. दर भागात हॉक मॉथ नावाचा खलनायक एखाद्या चिडलेल्या, दुखावलेल्या माणसाकडे काळं फुलपाखरू पाठवतो आणि त्याचा राक्षस करतो. शेवटी लेडीबग एक मंत्र म्हणते आणि मोडलेलं सगळं शहर पूर्ववत. पूल, इमारती, गाड्या, सगळं. असा रोलबॅक मला प्रॉडक्शनमध्ये एकदा मिळाला तर मी नवस फेडीन. भाग इतके सुटे की सुरुवातीला वेगवेगळ्या देशांत ते वेगवेगळ्या क्रमाने लागले. नंतर कथा वाढली, क्रमाला महत्त्व आलं आणि जगभरची पोरं गोंधळली. म्हणजे स्टेटलेस सर्व्हिसमध्ये कुणीतरी हळूच स्टेट घुसवली. पुढे काय होतं हे आपल्याला माहीत आहे.

माझी ऑन-कॉलची पाळी तीन आठवड्यांतून एकदा येते. त्याशिवाय शनिवार रात्रीची रिलीजं. रविवारी सकाळी ती मालिका लावते तेव्हा मी आतल्या खोलीत दार लावून कुणाच्या तरी लॉगमध्ये बघत बसलेला असतो. (पुढचं वाक्य ज्यांनी मिरॅक्युलस पाहिली नाही त्यांनी सोडा, गुपित फुटेल.) हॉक मॉथ हा एड्रियनचा सख्खा बाप निघतो. मोठा कामाचा माणूस, सतत आपल्या खोलीत. लेकीने हे मला जेवताना सांगितलं, आणि पुढे सहज म्हणाली, "तो पण दार लावून बसतो. सगळ्यांना वाटतं काम करतोय." आई हसली, बायको हसली. आबा हसले नाहीत, ते भात कालवत होते.

मागच्या महिन्यात तिने मला एक कागद दिला. वहीचं पान, दोन रंगांची स्केचपेनं. "बाबा, तुला टाइम नसतो ना, म्हणून मी तुला लिस्ट करून दिलीय. हिरवे आहेत ते मेन, ते बघ. लाल आहेत ते नाही बघितले तरी चालतील. म्हणजे तुला सगळं कळेल, मग आपण बोलू शकतो." पहिल्या पाच सीझनचे भाग तिने आठवून आठवून लिहिले होते. हापिसातल्या पंथाची सगळ्यात लहान सभासद माझ्या घरात निघाली, आणि तिने ते माझ्यासाठी केलं होतं.

मी तिला म्हटलं, मला लाल बघायचेत. तिला वाटलं मी चेष्टा करतोय. "अरे पण त्यात काही होत नाही!"

म्हटलं, तेच बघू. तुला काही सांगावं लागणार नाही आणि मला काही विचारावं लागणार नाही.

पहिला लाल निवडला पहिल्या सीझनमधला 'मिस्टर पिजन'. एक बिचारा म्हातारा बागेत कबुतरांना दाणे घालतो, त्याला हाकलतात, मग तो कबुतरमाणूस होऊन पॅरिसवर कबुतरांची फौज सोडतो. तिकडे मारिनेट एका स्पर्धेसाठी टोपी करते आणि एड्रियनला पिसांची ॲलर्जी, त्यामुळे तो शिंकतोय. एवढीच गोष्ट. आमच्या बाल्कनीला कबुतरांसाठी जाळी लावून दोन वर्षं झाली, तरी वरच्या पत्र्यावर त्यांचं घुमणं चालूच असतं, त्यामुळे आबा पहिल्या मिनिटापासून कथेत. "दाणे घालू नका म्हणून सोसायटीने बोर्ड लावला पाहिजे त्यांच्या," असं ते पॅरिसच्या लोकांना उद्देशून म्हणाले. लेक आधी जरा खट्टू होती, मग तिसऱ्या शिंकेला आबांच्या अंगावर कोसळून हसली. माझा फोन मध्ये एकदा वाजला, मी उठून गेलो, बारा मिनिटांनी परत आलो. काय झालं ते कुणी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतंच. कबुतरं होती तिथेच होती.

तिने सांगितलं की हा कबुतरवाला पुढे पुन्हा पुन्हा येतो. चौथ्या सीझनमध्ये तर एका भागाचं नावच 'मिस्टर पिजन ७२' आहे. बहात्तराव्यांदा! आबांनी विचारलं, "आणि मधले सत्तर?"

ते दाखवले नाहीत, असं ती म्हणाली. आबांना ते पटलं नाही.

उद्या रविवार. माझी ऑन-कॉलची पाळी आहे आणि आज रात्री रिलीज. कागदावर अजून पंचवीस-तीस लाल शिल्लक आहेत.